तेवीस मिनिटे

२ फेब्रुवारी, रविवार
स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू, दुकानातून आणलेल्या नव्हेत: टेबल लॅम्प. इन्व्हर्टर (पंखा चालतो, ट्यूब लागत नाही, ट्यूबचा दोष). दारावरची कोकिळेची बेल. हल्ली कोकिळेचा घसा बसलाय, पण वाजते. मंदाच्या शिलाई मशीनची मोटर, सव्वीस वर्षं चालू. पाणी तापवायची कॉइल.

मी कंपनीत स्टोअरकीपर. डिप्लोमा नाही. वीज पुस्तकांतून आणि शॉक खाऊन शिकलो.

कॉइल आज एका टोकाला जळाली. जळका पाव भाग कापला, उरलेली परत जोडली. आधी ३५.३ ओहम, आता २६.५. पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. मीटरमधला अँपिअरचा फ्यूज उडालाय, म्हणून करंट जुनाच धरला, ६.५२. घर तेच, प्लग तोच, करंट कुठे जातोय? उत्तर: ११२६ वॅट. आधी १५०० होते. म्हणजे उष्णता कमी. पंधरा लिटरच्या बादलीला साडेसतरा मिनिटं लागायची, आता तेवीस. बाथरूमच्या दारावर मार्करने २३ लिहिलं.
मंदाने विचारलं, अलार्म लावू का. म्हटलं, लाव, आणि एक मिनिट इकडेतिकडे नको.

३ फेब्रुवारी, सोमवार
मंदाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी ड्युटीवर होतो. लेक ऋजुता आली, डॉक्टरकडे नेलं आणि तिथूनच घोडबंदर रोडला स्वतःच्या घरी घेऊन गेली. चार दिवस ठेवते म्हणाली.
कारण उघड आहे. फोनवर बोलत बसली असणार, तेवीसची तीस झाली असणार.
रात्री विचारलं. मंदा म्हणाली, अहो, तेवीसच. विचारलं, अलार्म नक्की कितीला लावलास? ऋजुताने फोन घेतला आणि म्हणाली, बाबा, हे आत्ता विचारताय?

५ फेब्रुवारी
ठराव. एक: अलार्मवर विसंबायचं नाही, वेळ झाली की आपोआप बंद होणारा टायमर बनवायचा. माणसाच्या चुकीला जागाच नको. दोन: मंदाला रोज फोन, पण मिनिटांचा विषय काढायचा नाही.
फोन केला. विषय काढला.

८ फेब्रुवारी
चार दिवस होऊन गेले. मंदा म्हणाली, केस ऋजुता विंचरते, बरं चाललंय. तिथे भिंतीवर गिझर आहे. किती वॅटचा, विचारलं. म्हणाली, मला काय ठाऊक, पाणी कोमट येतं.
खालच्या रंगूबाईंनी भाकऱ्या आणून दिल्या. वहिनी कधी येणार विचारत होत्या. म्हटलं, टायमर झाला की. म्हणाल्या, भाऊ, वहिनी टायमरवर चालते होय?

९ फेब्रुवारी, रविवार
ऋजुताचा फोन. आईचा निरोप होता. नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे. तपशील लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी
टायमर तयार. बरोबर तेवीस मिनिटांनी बंद होतो, सेकंदाचा फरक नाही. मंदाला फोनवर टकटक ऐकवली. छान आहे म्हणाली. कधी येतेस? बघू म्हणाली.
प्लग फार तापतो. हल्ली मालच हलका.

१९ फेब्रुवारी
नवा प्लग घ्यायला मानपाड्याला साईनाथच्या दुकानात. काका, किती अँपिअर ओढते, त्याने विचारलं. ६.५२. मोजलंत? म्हटलं, गणित केलंय. म्हणाला, कॉइल कापली की जास्त ओढते काका, आठवड्याला दोन तरी येतात अशा. आणि वायरला चिमट्यासारखा लावायचा मीटर दिला, उद्या आणून द्या म्हणाला.
दुकानदार माणूस. शिक्षण काय, कोण जाणे.

२० फेब्रुवारी, सकाळी ६.४०
लावला. ८.७.
मीटर बिघडलेला असणार. इस्त्रीवर तपासला. इस्त्रीचा बरोबर दाखवतो.
परत ८.७.

७.१५
२३० भागिले ८.७, साधारण २६.४. म्हणजे ओहम बरोबर होते. व्होल्टेज भिंतीतून येतो, तो तेवढाच राहतो. रेझिस्टन्स कमी केला की करंट वाढतो. जुना धरायचा नसतो. २३० गुणिले ८.७. २००१ वॅट.
१५ लिटर, नळाचं पाणी २५ अंश, २३ मिनिटं. पाच वेळा केलं. पाचही वेळा ६९ अंश. हवे होते ५०.
बादली भरून टायमर लावला. बंद झाला तेव्हा थर्मामीटरवर ६८.
तिने तेवीसच मिनिटं लावली होती.

२३ फेब्रुवारी, रविवार
घोडबंदरला गेलो. हिशेबाचा कागद नेला होता. दार मंदानेच उघडलं, डाव्या हाताने.
कागद खिशातच राहिला. एवढंच म्हटलं, करंट चुकीचा धरला होता. म्हणजे काय, तिने विचारलं. म्हटलं, तेवीस बरोबर नव्हते. म्हणाली, ते मला हात घातला तेव्हाच कळलं. मग चहा टाकायला गेली.
निघताना म्हणाली, माझी मशीन इकडे पाठवून द्या. हाताला सवय होईल. म्हटलं, नीट पॅक करतो, मोटरसकट. म्हणाली, मोटर काढून ठेवा. पायाने चालवेन.

२ मार्च, रविवार
टेम्पो दहाला आला. मशीन गेली. मोटर टेबलावर आहे. लावून पाहिली, आवाजसुद्धा नाही, सुरेख फिरते.
दारावरचं २३ घासलं. पक्का मार्कर, निघत नाही.
९ तारखेचं लिहायचं राहिलं होतं. मंदाचा निरोप असा होता: दुकानातला एक लहान गिझर बसवून घ्या, मी सोमवारी घरी येते. मी नाही म्हटलं. सहा हजार चारशे नव्वद, बसवण्यासकट.