ठकू ढोबळी मिरची का खाते

प्रिय मास्तरीणबाई,

काल फोनवर तू विचारलंस, मी अंड्यात असं काय घालतो, की ठकू ढोबळी मिरचीसुद्धा मुकाट्यानं खाते. वर म्हणालीस, असंच नीट चालू राहिलं तर मोठ्या सुट्टीत तिला महिनाभर माझ्याकडे ठेवायला हरकत नाही. लग्नाच्या अकरा वर्षांत तू मला स्वयंपाकातलं काही विचारल्याचं आठवत नाही, त्यामुळे मी आधी फुशारलो आणि मग सावकाश सांगतो म्हणत फोन ठेवून दिला.

तर एक कांदा, अर्धी ढोबळी मिरची, एक गाजर, मूठभर पालक. सगळं बारीक चिरायचं. गाजर किसू नकोस, लगदा होतो. चमचाभर तेलात भाज्या परतून त्यांचं पाणी आटू द्यायचं. घाई केलीस की अंडं खाली पाणचट आणि वर कच्चं. माझे पहिले दोन रविवार असेच वाया गेले आणि ठकूनं शहाण्या बाईसारखं नुसत्या पावावर भागवलं. मग दोन अंडी मीठ घालून फेटायची, वर ओतायची, गॅस अगदी बारीक, झाकण, चार मिनिटं. झालं. यात जादू काही नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

खरी गंमत अशी, की भाजी ती स्वतः चिरते. जीभ बाहेर काढून, एकेक तुकडा निरखून. मग स्वतः चिरलेली मिरची बाजूला काढायला तिचा जीव होत नाही. पुढच्या रविवारी तिनं अंडी फोडली, त्याच्या पुढच्या रविवारी स्टुलावर उभी राहून भाजी परतली. हो, गॅसवर. बारा वर्षांची होईपर्यंत तिला शेगडीजवळ जाऊ द्यायचं नाही, ही रविवारी तिला माझ्याकडे पाठवतानाची तुझी अट होती आणि त्या कागदावर खाली माझी सही आहे. मला विसर पडला नव्हता. ती इतकी खुशीत होती, की मला नाही म्हणवलं नाही. सुट्टीसाठी मी पलंगही आणून ठेवलाय, तिला अजून सांगितलेलं नाही.

परवाच्या रविवारी कामावरून फोन आला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत माणसं आणि आमचा नवा मेकॅनिक पार गोंधळलेला. मी खिडकीशी जाऊन त्याला काय करायचं ते सांगत होतो, मिनिटभरच. तेवढ्यात ठकूनं झाकण स्वतःच्या बाजूनं उचललं आणि वाफ मनगटावर आली. रडली नाही गं. नळाखाली हात धरून उलट मलाच धीर देत होती. मग मी पट्टी बांधली.

संध्याकाळी तुझ्याकडे येताना वाटेत तिनंच ठरवून टाकलं, की खाली खेळताना जिन्याच्या कठड्याला हात घासला असं आईला सांगायचं, नाहीतर सुट्टी गेली. मी तिला अडवलं नाही. काल तू तीच गोष्ट कठड्यासकट मला ऐकवलीस. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच माझा तो डबा आठवला. नोकरी गेल्यावर चार महिने मी रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होतो, तुला कळू नये म्हणून. आपलं घर त्यापायी मोडलं. आता नऊ वर्षांची पोर माझ्यासाठी तसंच सफाईनं खोटं बोलतेय, आणि ते मला सहन होत नाही. फोनवर मी आयत्या वेळी गोष्ट फिरवली असती, माझी सवय मला माहीत आहे. म्हणून लिहितोय, आणि हे तुझ्या शाळेच्या ऑफिसात देऊनच कामावर जाणार आहे. मला ती सुट्टीत हवी आहे, फार हवी आहे, पण अशी नको. तुला जे ठरवायचं ते ठरव. तिला मात्र रागावू नकोस. ‘बाबानं सगळं सांगितलंय, आता तुला काही लपवायला नको,’ एवढं तिला सांग. आणि ती नको नको म्हणेल, तरी पट्टी काढून बघ. खाली खरचटलेलं नाही, भाजलेलं आहे.

तुझा राहिलो नाही, पण ठकूचाच,
बाबा