जोडीनं आत जायचं

प्रिय ठोंब्या,

फोनवर ‘मजेत आहे’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. पत्र काही मध्येच कापता येत नाही.

तुझे भावोजी पलटणीतून घरी आले खरे, पण अजून पुरते आलेले नाहीत. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम छान जमलं होतं. मध्यंतरी तिथं कुणाच्या तरी हातून फळी धाडकन पडली, तर ह्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या सुताराला खाली पाडलं आणि त्याच्यावर आडवे झाले, त्याला वाचवायला! सुतार बिचारा हसण्यावारी नेत होता, पण हे उठेचनात. तेव्हापासून कामाला गेलेले नाहीत. जेवतानाही भिंतीला पाठ लावून बसतात. मी मागून आले की दचकतात, म्हणून आता स्वयंपाकघरातूनच बडबडत बाहेर येते. माझी बडबड कुणाच्या कामी येईल, असं तुला तरी कधी वाटलं होतं का? पण मागच्या महिन्यात म्हणाले, मी नसलो तर तुझी सुटका होईल. माझ्या पायाखालची जमीनच सरकली रे.

निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यात मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. ह्यांना दोनदा घेऊन गेले. दोन्ही वेळा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि आल्या पावली मागे. दुसऱ्यांदा माझं डोकं फिरलं, भर व्हरांड्यात तोंडाला येईल ते बोलले.

काल आपणहून बोलले. तुम्ही दोघं तुकडीत जोडीदार. कुठल्याही खोलीत शिरायचं ते जोडीनंच, एकट्यानं कधीच नाही, हा तुमचा नियम. मला म्हणाले, तुझ्या भावाचंही हेच झालंय, नोकरी सोडून खोलीत बसलाय, तुला सांगू नको म्हणून शपथ घातलीय. त्याला बाहेर ठेवून मी एकटा आत कसा जाऊ? शपथ मोडली म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस, फार जड गेलं त्यांना. भावोजींसाठी ये, असं लिहिणार होते, पण ते अर्धंच खरं झालं असतं. तुझ्यासाठी ये. मला तुम्ही दोघंही हवे आहात. शनिवारी मी स्वतः तुला न्यायला येतेय. बाकी काही करू नकोस, फक्त दार उघड.

तुझीच,
भांडखोर ताई