पवन्याचं बी आणि आमची चंद्री

शिरवणे, नवी मुंबई
२० सप्टेंबर १९७९

ती. रावसाहेबदादांना धाकट्या गिरजाचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? आमच्याकडे माणसं बरी आहेत, गायी जरा रागावल्यात.

तुम्ही मे महिन्यात दिलेलं पवन्या गवताचं बी पाऊस लागल्यावर टेकडीखालच्या कुरणात पेरलं. (शेत नव्या शहरासाठी गेलं, आता एवढंच उरलंय. तेही उजाड, म्हणून चारही गायी विकाव्यात असा यांचा विचार.) ते बी म्हणजे नुसती कुसळं. मुठीतून सुटेना, आणि सुटलं ते वाऱ्यावर निघालं. बरंचसं माझ्या अंबाड्यात गेलं. शेवटी ओल्या मातीत कालवलं, वरवर फेकलं आणि पायांनी दाबलं. पहिलं वर्ष गुरं आत सोडायची नाहीत, हे तुमचं सांगणं मी अगदी काटेकोर पाळलं. करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं, गायी गोठ्यात बांधून पेंढ्यावर ठेवल्या. थोरली चंद्री तर दिवसभर कुरणाकडे तोंड करून हंबरायची.

दोन महिन्यांनी पाहते तर तरोट्याचं तण कमरेएवढं आणि पवन्या वीतभर. मी एक दिवस वाशीच्या बिल्डिंगींत दूध घालायला गेले, तेवढ्यात यांना कामाचा उत्साह आला. परतले तर निम्मं कुरण निंदून साफ! पवन्या उपटून बांधावर टाकलेला, तरोटा मात्र डौलात उभा. मी म्हटलं, "अहो, गवतच उपटलंत की!" तर म्हणतात, "मोठं दिसलं ते ठेवलं."

तीन दिवस मी बोलले नाही. (त्यांच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं.) त्यात पंधरा दिवसांपूर्वी कुंपणाची काटी कुणीतरी सरकवली आणि चंद्री आत शिरून उरलेल्या गवताचे शेंडे खाऊन आली. कुणी सरकवली, ते मी लिहीत नाही. घरात माणसं दोनच आहेत, एवढंच लिहिते.

तुमची गिरजा

ता.क. पत्राचं खरं कारण असं, की काहीतरी काम काढून यांना दिवाळीपर्यंत तुमच्याकडे बोलावून घ्या. उरलेलं गवत तेवढं जगेल.

आणखी ता.क. रावसाहेब, मी शिवराम. पत्र पेटीत टाकाला माझ्याकडंच दिलं, पाकीट उघडं होतं, म्हनून वाचलं. निंदनी माझी चूक, कबूल हाय. पन काटी मी नाय सरकवली. चंद्रीचं हंबरनं हिलाच सोसवलं नाय. तिला आत घेऊन मान खाजवत उभी होती, मी गोठ्यातून बघितलं. बोललो नाय. काल कुरनात गेलो, तर खाल्लेल्या ठोंबांना खालून नवी फूट आलीय. गायी विकायच्या नाय आता. मी उपटलं ती जागा मोकळी हाय, पुढच्या पावसाला अजून एक पोतं बी पाठवा. मी मागितलं म्हनून हिला सांगू नका.