जांभळाची मोडलेली फांदी

प्रिय मंगल,

तू गेलीस तेव्हा लिहिलं नाही, वर्षश्राद्धालाही नाही. आज लिहितेय, कारण तुझ्याविषयी आईशी बोलता येत नाही आणि आईविषयी दुसऱ्या कुणाशी बोलवत नाही.

बेंबळीच्या शेतात, तुझी राख पुरली तिथं आईनं जांभूळ लावलंय. माझ्या खांद्याला लागतं आता. गेल्या आठवड्यात वावटळीत त्याची एक फांदी मोडली. कळंबला माझा फोन वाजला. आई रडत होती, "मंगीचा हात मोडला गं!" कुणाचा हात, आई?

मिळेल त्या गाडीनं गेले. बघते तर आईनं ती फांदी लुगड्याच्या चिंधीनं करकचून बांधलेली, वर शेणाचा लेप. बुडाशी ओंजळभर युरिया आणि पाण्याचं नुसतं तळं! चिंधीखाली साल सोलून लोंबत होती, फांदीची पानं करपली होती.

"आई, ही आता जुळत नाही. कापावी लागंल. ठेवली तर साल खालपर्यंत फाटत जाईल."

"कापू नगंस. तिला समदं कळतंय."

"बाकीचं झाड तर वाचवायचंय ना?"

दवाखान्यात तुझा हात आईच्या हातातून सोडवायला दोन नर्सबाया लागल्या होत्या गं. पुन्हा तिला 'सोड' म्हणायचं धाडस मला होईना.

मग तिनंच गाठ सोडली. फांदी दोन्ही हातांत धरली. जिथून फुटली होती तिथं, खोडाला इजा न होऊ देता, मी छाटणीच्या कात्रीनं नीट कापली. सुटलेली साल काढली, जखम उघडीच ठेवली. खताची माती खरवडून टाकली, बुडापासून जरा लांब उसाचं पाचट अंथरलं. आई एवढंच म्हणाली, "लई दुखलं असंल का गं तिला?"

दुखलं का गं? तूच सांग!

"कळंबला चल," म्हटलं तर म्हणते, "तिला पाणी कोण घालंल?"

एक बोलू? मला त्या झाडाचा राग येतो. मी सकाळपासून उपाशी समोर बसलेली असते आणि आई त्याच्याशी बोलत असते. 'जेवलीस का' म्हणून मला विचारत नाही. मीही तिचीच ना गं? तू सगळीच्या सगळी आई घेऊन का गेलीस?

झाड जगेल बहुतेक. वरची पानं तजेलदार आहेत, कापल्या जागेची कड सुकत आलीय. आईचं मात्र काही सांगता येत नाही. काल शेजारच्या काकूंचा फोन आला. भर पावसात झाडावर छत्री धरून उभी होती म्हणे, स्वतः चिंब भिजत.

तुला शब्द देते, मंगल. दर रविवारी येईन. 'ते नुसतं झाड आहे' असं तिला कधीच म्हणणार नाही. तिनं 'मंगे' अशी हाक मारली, तर मीच ओ देईन.

तुझी,
आक्का