डाव्या हाताचा माणूस

४ मे २०१५, सकाळी

माझी चुलतबहीण समृद्धी हिचं लग्न पार पडलं. हळद मात्र धड पार पडली नाही. अंगणात नाचताना कुणीतरी मागून माझ्या भावाच्या, शैलेशच्या, डोक्यात बिअरची बाटली घातली. टाके पडले. उशीला अजून रक्त लागतंय. आई ते हळदीचे डाग असल्यासारखं धुतेय.

कुणी मारलं, कुणाला ठाऊक नाही. डीजे जोरात, सगळे प्यायलेले, सगळे पिवळे.

काशिरामकाका, म्हणजे समृद्धीचे वडील, येऊन गेले. न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवतात, आवाजही तसाच. म्हणाले, नाव सांगा फक्त, बाकीचं आमी बगतो.

ठरवलं: नाव मी शोधणार. फोटो शोधायची आणि नकाशे वाचायची फुकटची टूल्स मी महिनोन् महिने शिकतेय. शिवाय मला पहिली अक्षरं बाबांनी घरीच शिकवली, आणि पहिला धडा हाच: पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आख्ख्या कोळीवाड्यात हे काम आणखी कुणावर सोपवणार?

दुपारी

पुरावा मिळाला! समृद्धीचा भाऊ प्रितेश याने काढलेला सेल्फी. पुढे प्रितेशचे दात, मागे शैलेशचं डोकं, त्यावर उगारलेला हात आणि बाटली. चेहरा नाही. हात डावा. मनगटात तांब्याचं कडं.

कडं कापून इमेज सर्चला टाकलं. सांधेदुखीच्या जाहिराती आल्या. सेल्फीतच मागे दिसणाऱ्या, मांडवावरच्या पाटीची बारीक अक्षरं दुसऱ्या टूलला दिली. त्याला भाषाच ओळखता येईना. डीजेवाल्यांची कुठलीतरी असेल. तपासाशी संबंध नाही, सोडून दिलं.

५ मे

हळदीला आलेल्या सगळ्यांचे प्रोफाइल फोटो पाहिले. डोळे चुरचुरतायत. पण सापडला. करंजाडे गावचा धर्मराज. टेनिस क्रिकेटमधला डावखुरा बोलर. डाव्या हातात कडं. हळदीला होता, आणि गाण्यावरून शैलेशशी त्याची बाचाबाचीही झाली होती.

काकांना स्पष्ट सांगितलं, ही फक्त शक्यता आहे. काका म्हणाले, शक्यता हाय ना? मग ती राहते कुठं?

ते शोधणं सोपं होतं. त्याच्या प्रोफाइल फोटोत मागे हिरवा पत्रा, शेजारी टाकी आणि वळणावर देऊळ. सॅटेलाइट नकाशावर लगेच सापडलं. लोकेशन पाठवलं. खाली लिहिलं: कृपया शांतपणे विचारपूस करावी. काकांनी अंगठा पाठवला. बरं वाटलं.

६ मे

विचारपूस झाली. काका, प्रितेश आणि आणखी तिघं स्टंप घेऊन गेले होते. धर्मराज अंगणात दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला साबण. मी नाय, मी नाय, म्हणत राहिला. जबडा मोडल्यावर तेही बंद झालं. मग काकांनी त्याचा डावा हात ओट्यावर धरायला लावला आणि बुटाच्या टाचेने एकेक बोट मोडलं. बाटली धरायला नको परत, म्हणाले. हे सगळं त्यांनी आमच्याकडे पोहे खाताना सांगितलं. वर आणखी थोडं खोबरं मागितलं.

मला म्हणाले, पोरगी कसली डोकेबाज, पोलिसाच्या बापाला जमलं नसतं.

माझे पोहे मी तसेच ठेवले. खोबरं संपलं होतं.

नकाशा अचूक होता, याची नोंद करून ठेवते.

७ मे

करंजाड्याची पोरं आली. काकांच्या ट्रेलरच्या काचा फोडल्या. मग आमच्या घरात शिरून शैलेशला केसांना धरून पलंगावरून ओढलं. टाके उसवले. बाबा मध्ये पडले, तर त्यांचा चष्मा भुवईत फुटला. मी मोरीत दार लावून होते. लॅपटॉप सुरक्षित आहे.

ठरवलं: सगळा अहवाल नीट लिहून दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना द्यायचा. पुरावा पाहिला की डोकी शांत होतात.

संध्याकाळी प्रितेशला मसुदा दाखवला. तो हसत सुटला. म्हणाला, ताई, डावा कुठला? माझ्या फोनचा सेल्फी उलटाच येतो. ती पाटी आरशात धरून बघ.

धरली. "चि. सौ. कां. समृद्धी".

हात उजवा.

८ मे

उजव्या हातात तांब्याचं कडं. सांधेदुखीसाठी. रात्रभर ग्रुपवरचे बाकीचे फोटो पाहिले, दुसरं कुणी निघावं म्हणून. सगळ्यांत काकाच. बाटली नाचवताना.

सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं. काकांनी मनगटातलं कडं फिरवून बघितलं. मग म्हणाले, मला तर काय आठवत नाय. पन आपल्याच पोराला आपलाच हात लागला, घरातली गोष्ट हाय. मिटली.

काकांची बायको, दमयंतीकाकू, म्हणाली, नाचताना मला पन कोपर घातलावता, अजून दुखतंय. सगळे हसले. शैलेशसुद्धा, टाके धरून.

मी विचारलं, आणि धर्मराज?

काका म्हणाले, तो काय लई साधा नाय.

बाबा पट्टीखालून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, वसुंधरा, बाहेर बोलू नकोस.

ठरवलं: उद्या हॉस्पिटलमध्ये जाऊन खरं सांगायचं. कुणाचंही ऐकणार नाही.

९ मे

गेले. शहाळं नेलं. धर्मराजचा जबडा तारेने बांधलेला, हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. माझं शहाळं कसं पिणार, हे लक्षातच आलं नव्हतं.

त्याची बहीण दिपा शेजारी होती. सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून म्हटलं, मी फोटोंवरून माणसं शोधते. ती एकदम उठलीच. माझा हात धरून म्हणाली, देवासारख्या आलात ताई. शेजारच्यांनी खिडकीतून फोटो काढलाय बगा. लग्नघरची मानसं होती एवडंच कळलंय, पन पोलीस बोलतात नावं आना. एक तरी नाव सांगा.

मोबाइल हातात दिला. पाच जण. ऊन छान होतं. काका, प्रितेश, तिघं. टूलची गरजच नव्हती.

धर्मराज माझ्याकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं.

म्हटलं, रिझोल्यूशन कमी आहे.

दिपा म्हणाली, तुमी घरी नेऊन मोठा करा ना. पाठवते. नंबर द्या.

नंबर दिला. एकही आकडा चुकू नये म्हणून तिच्याकडून परत वाचून घेतला. मग तिने नाव विचारलं.

वसुंधरा, म्हटलं.