चक्कीच्या इंजनाच्या पाच रिंगा

१ फेब्रुवारी १९६०, सोमवार
चक्कीचं इंजन निळा धूर सोडतंय. ऑइल पितं आणि दळण अर्ध्यावर टाकतं. ढाणकीचे बाबुलाल मिस्त्री पाहून गेले. म्हणाले, पिस्टनच्या रिंगा झिजल्या, नव्या आणून ठेवा, गुरुवारी बसवून देतो. रिंग म्हणजे काय, तर पिस्टनवर चढवायची लोखंडी बांगडी. बांगड्या भरायला मिस्त्री कशाला? निरोप धाडला, येऊ नका.

२ फेब्रुवारी
उमरखेडहून पाच रिंगांचा सेट आणला. वाटेत तांड्यावरची धुरपताबाई भेटली. चौदा तारखेला पोरीचं लग्न, चार पोती गहू दळायचे. विचारत होती, घनश्यामभाऊ, इंजन बंद हाय म्हन्तेत? म्हटलं, शनिवारी सकाळी गहू आण, दुपारी पीठ ने. शब्द दिला.

४ फेब्रुवारी
इंजन खोललं. पिस्टन झकास निघाला. एक नट कडब्यात गेला, सापडेल. बायको म्हणे, कोनती वस्तू कुठची, लिहून तं ठेवा. लीलाला मशिनरीतलं कळत नाही. सगळं डोक्यात आहे.

५ फेब्रुवारी
रिंग फाकवून चढवताना तुटली. माल कच्चा. दुसरीही तुटली. संकल्प: रोज दहा मिनिटं शांत बसून मगच पान्हा हातात घेणे.

६ फेब्रुवारी, शनिवार
दहा मिनिटं शांत बसलो. तिसरी तुटली.
धुरपताबाई बैलगाडी घेऊन दारात. बुधवारी ये म्हटलं. नट सापडला, बैलाच्या पायाखाली.

८ फेब्रुवारी
पुन्हा उमरखेड. दुकानदार विचारतो, पहिल्या सेटचं काय झालं? सांगितलं, दुसरं इंजन आहे. अगदीच खोटं नाही. अंगणात पसरलेलं सामान पाहिलं तर दोन इंजनांचं वाटतं.

९ फेब्रुवारी, दुपारी ४
फत्ते! पाचही रिंगा चढल्या. प्रत्येक रिंगेला एक फट असते. पाचही फटी एका रेषेत आणल्या, वरून खाली, भांगासारख्या. अशी टापटीप बाबुलालकडून व्हायची नाही.
पिस्टन सिलिंडरमध्ये शिरेना. हातोडीच्या दांड्यानं ठोकला. कट् आवाज झाला आणि बसला. बसल्याचाच आवाज असणार.

१० फेब्रुवारी, बुधवार
हँडल मारलं. इंजन फुलासारखं फिरतं! आधी दोन गडी लागायचे, आता एका हाताचं काम. फक्त सुरू होत नाही.
धुरपताबाई पोत्यांवर बसून पाहत होती. तीन तास. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, भाऊ, पावने निंगाले असतीन, मी त्याइले काय वाढू? घरात गेलो. लीलानं पाणी दिलं.

११ फेब्रुवारी
मी उठायच्या आत लीला ढाणकीला जाऊन मिस्त्रीला घेऊन आली. मला विचारलं नाही.
बाबुलालनं पिस्टन काढला. म्हणाला, साऱ्या फटी एका ओळीत, त्याच वाटेनं दाब निंघून जाते, इंजन पेटन कसं? एक रिंग ठोकताना तुटलेली निघाली. त्यानं पहिल्या सेटमधली उरलेली चढवली, फटी इकडेतिकडे फिरवल्या. मी सूचना देत होतो. तो म्हणे, भाऊ, जरा बाहेर बसता का? बाहेर बसलो. देखरेख बाहेरूनही होते.
त्यानं रिंगांभोवती पत्र्याचा पट्टा आवळला, पिस्टन अलगद दाबला. कट् नाही, काही नाही. संध्याकाळी इंजन सुरू. धूर नाही.

१२ फेब्रुवारी
चारही पोती दळून झाली. धुरपताबाईचं तोंड पिठानं पांढरं आणि हसरं. सगळ्या बायांदेखत म्हणाली, तुमी माही लाज राखली भाऊ, मांडवात शेला-टोपीचा पह्यला मान तुमालेच.
मी तोंड उघडलं. लीला पुढच्या दळणाचे गहू ओतत होती, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.
म्हटलं, शेला-टोपी बाबुलाल मिस्त्रीला दे. मी पंगतीत बसेन.