तेहतीस ते अठ्ठेचाळीस

माय, तुझ्या पोराचं पुस्तक निघालं. निघालं म्हणजे मीच काढलं. एकाही प्रकाशकाने दारात उभं केलं नाही, तेव्हा लेखक मी, प्रकाशक मी आणि धुळ्याच्या घरात दिवाणाखाली कोंबलेल्या गठ्ठ्यांचा राखणदारही मीच. तुला अक्षर येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे, त्यामुळे हे पत्र तू असतीस तरी तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि समोर बसून वाचायची माझी छाती झाली नसती, हेही आत्ताच सांगून टाकतो.

तू बाइंडिंगच्या त्या लांबट खोलीत बसलेली दिसतेस. समोर छापील कागदांच्या थप्प्या. एका मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला तुम्ही बाया फॉर्म म्हणायच्या. पहिला फॉर्म, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असे एकावर एक रचायचे आणि शिलाईला जाण्याआधी अंगठ्याने कडा सोडत आकडे तपासायचे. सोळानंतर सतरा, बत्तीसनंतर तेहतीस. हाताला खळ, डोक्यावर पदर, आणि आकडा चुकला की शेजारणीच्या नावाने असा ठणाणा करायचीस की मालक बाहेर यायचा. "आकडा चुकना म्हणजे पुस्तक मरनं!" आणि लेखकांची तर तू काय टर उडवायचीस! पांढऱ्या सदऱ्यातला कोणी पुस्तक बघायला आला की तू शेजारणीला कोपर मारायचीस. "देख, हाऊ बी आधी फोटोच देखी." आणि तो खरंच पुस्तक पालथं करून मागचा स्वतःचा फोटो बघायचा, हुंगायचा आणि निघून जायचा. तुम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

मीही आधी फोटोच बघितला, माय.

मग वाचक हुडकायला निघालो. मोबाईलवर एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस शिकवतो, जाहिरात न करता वाचक कसे मिळवायचे. म्हणे लोकांशी नातं जोडा, रोज काहीतरी टाका, स्वतःला विसरू देऊ नका. याने स्वतः काय लिहिलंय ते देवाला ठाऊक, पण मी त्याचं सगळं ऐकलं. नळाला पाणी कधी येणार एवढ्यासाठी केलेल्या कॉलनीच्या ग्रुपवर रोज सकाळी मुखपृष्ठ टाकलं. लग्नात जेवणाच्या रांगेत पुस्तकं वाटली. एवढंच काय, पिंपळनेरला एका ओळखीच्यांकडे सुतक फिटायच्या गंधमुक्तीला गेलो, अजून भाऊबंदांना टोपी-टॉवेल देणं चाललं होतं, आणि मी पिशवीतून पुस्तक काढून मेलेल्या माणसाच्या मेहुण्यापुढे धरलं. "भाऊ, आज राहू द्या ना," तो हात जोडून म्हणाला. निर्लज्जपणा किती असावा! मी म्हटलं, सवडीने वाचा.

प्रकाशन समारंभ धुळ्यातच केला. प्रमुख पाहुणे जळगावचे एक निवृत्त प्राचार्य. शाल पांघरून त्यांनी अर्धा तास स्वतःच्याच लहानपणाबद्दल सांगितलं आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी हे पुस्तक दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडलो." लोकांनी टाळ्या कुटल्या. मला भरून आलं, काय सांगू! त्या आठवड्यात मोबाईल नुसता वाजत होता. अप्रतिम. एका बैठकीत संपवलं. आईचं चित्रण तर काळजाला भिडलं. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांदेखत पाठ थोपटली, नातेवाइकांनी फुलांचे गुच्छ आणि जोडलेले हात पाठवले. मला वाटलं, झालं, आपण लेखक झालो.

मग चार महिन्यांनी यावलहून एका बाईंचा फोन आला. अंगणवाडी सेविका. पुस्तक कुठे मिळालं विचारलं, तर म्हणाल्या, "धुळ्याच्या गाडीत सीटवर पडेल होतं. कोणी तरी जळगावला उतरताना विसरून गेलं. आत सही आहे तुमची, प्राचार्य साहेबांना सप्रेम भेट म्हणून." दोनदा रडलेले साहेब! मी काही बोलणार, तेवढ्यात त्या माझ्यावरच घसरल्या. "पण भाऊ, असं कसं छापलं तुम्ही? बत्तीस पानानंतर डायरेक्ट एकोणपन्नास! तुमची आई तिथं प्रेसमध्ये बसलेली, तुम्ही मित्रांसंगे दारात उभे, आन् पान उलटलं तर तुम्ही नोकरीला लागेल! मधात काय झालं? मी दोन दिवसांपासून तोच विचार करू राहिली."

मी दिवाणाखालचे सगळे गठ्ठे सोडले. एकूण एक प्रतीत तिसरा फॉर्म नाही. प्रेसमध्ये कुठे तरी पडून राहिला आणि नव्या जमान्याच्या बाइंडरने जे हाती आलं ते चिकटवून टाकलं. तुझं अख्खं प्रकरण गेलं होतं, माय. आईचं चित्रण काळजाला भिडलेल्यांपैकी एकालाही आई गायब आहे हे दिसलं नाही. थू त्यांच्या जिनगानीवर! आणि माझ्यावर त्याच्या दुप्पट, कारण घड्या घालणाऱ्या बाईचा पोरगा असून मी एकाही प्रतीच्या कडा अंगठ्याने सोडून बघितल्या नव्हत्या.

आता त्या सोळा पानांत काय होतं ते ऐक. कॉलेजचा वार्षिक अंक न्यायला आम्ही मित्र प्रेसमध्ये आलो होतो, तो दिवस. मी लिहिलं होतं की मी पुढे झालो, तुझा खळीचा हात हातात घेतला आणि मित्रांना म्हटलं, ही माझी आई. मग मित्र तुझ्या पाया पडतात. पाया पडतात म्हणे! लिहिताना मी स्वतःच डोळे पुसले होते, एवढा मी नाटकी.

खरं काय ते तुला माहीत आहे. तू मला बघून उठलीस, हात पदराला पुसलास, आणि मित्राने विचारलं, "कोण रे या?" मी म्हटलं, "आमच्या गल्लीतल्या मावशी." तू ऐकलंस. क्षणभरही न थांबता म्हणालीस, "हां, एकच गल्लीमा राहतस आम्ही." आणि पुन्हा खाली बसून आकडे बघायला लागलीस.

बाईंचा परवा पुन्हा फोन आला. पानं पाठवतो म्हटलं होतं, पाठवली का नाहीत? प्रेसवाल्याने तो फॉर्म शोधून दिला होता, माझ्यासमोर टेबलावरच होता. इतक्या जणांच्या दारात जोडे झिजवले आणि वाचक मिळाला तो हा एकच, आपसूक, दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने. हिला ती पाया पडण्याची सोळा पानं पाठवायला माझं मन धजेना. मी म्हटलं, ताई, त्यात लिहिलंय ते खोटं आहे. आणि घडलं ते सगळं सांगितलं. मावशीसकट.

फोनमध्ये बाईंच्या मागे अंगणवाडीतली पोरं कविता म्हणत होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "मग घरी आल्यावर काय म्हणे आई?"

त्या संध्याकाळी तू चुलीपुढे बसली होतीस. मी मान खाली घालून आत आलो. तू माझ्याकडे न बघता एवढंच विचारलंस, "अंकना गठ्ठा बराबर पोचना का?" जशी कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारायचीस, तशी. त्यानंतर जिवंत असेपर्यंत तू त्याविषयी एक शब्द काढला नाहीस.

बाईंना मी म्हटलं, आई हसली आणि तिने मला जवळ घेतलं. त्या रडल्या, माय. मी फोन ठेवला.